चाकावरचा संसार आणि मोबाईलची रेंज



लोणावळ्याहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्याला हल्ली अधूनमधून एक नवे वाहन दिसते. बाहेरून पाहावे तर मिनीबस, आत डोकवावे तर अख्खे घर. झोपायला बिछाने, चहाला शेगडी, नळ, मोरी, संडास, छतावर सौर पत्रा. याला कॅरॅव्हॅन म्हणतात. राज्य शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, तेव्हापासून या गाडीचा बोलबाला वाढला. धरणाकाठी ज्यांनी पडीक तुकड्यावर तंबू टाकून पाहुणे ठेवण्याचा जोडधंदा धरला आहे, त्यांना या मंडळींचा स्वभाव ठाऊक झालेला आहे. पाहुणा उतरला की विचारतो, पाणी कुठे, कचरा कुठे टाकायचा, आणि रेंज येते का? पहिल्या दोहोंची सोय यजमान करू शकतो. तिसऱ्याला तो समोरच्या तुंग-तिकोन्याकडे बोट दाखवितो आणि म्हणतो, त्या बांधावर उभे राहा, तिथे येते.

ही गाडी नवी असली तरी चाकावर संसार घालून मावळात येणारे हे काही पहिले पाहुणे नव्हेत. दरवर्षी दिवाळी सरली की आपल्या गट कार्यालयासमोर टायरगाड्या येऊन लागतात. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, जळगाव अशा जिल्ह्यांतून माणसे येतात. गाडीत पत्र्याची पेटी, ताडपत्री, पिठाचा डबा, दोन कोंबड्या, एखादे कुत्रे आणि कडेवरचे मूल. चांदखेड, बेबडओहोळ, परंदवडी, साळुंब्रे, दारुंबरे या शिवारांत कोप्या पडतात, आणि पुढे पाच-सहा महिने हेच त्यांचे गाव. फड संपला की कोपी मोडायची, पुढच्या शिवारात पुन्हा मांडायची. कॅरॅव्हॅनवाला चार दिवस फिरतो. गाडीवानाचे निम्मे आयुष्य असे जाते. फरक सोयींचा आहे आणि पैशाचा आहे. गरज मात्र दोघांची एकच झाली आहे, आणि आमच्या मते गाडीवानाची अधिक निकडीची आहे.

आता काही सभासद म्हणतील, ऊसतोड मजुराला इंटरनेट हवे कशाला? रील बघायलाच ना? रील बघतात, नाही कशाला म्हणा. दिवसभर कोयता चालवून रात्री गाडी भरणाऱ्याने घटकाभर करमणूक केली तर आपल्याला वाईट वाटायचे कारण नाही. आपली मुले तरी दुसरे काय करतात? पण फड फिरून आम्ही जे पाहिले त्यात करमणूक हा शेवटचा भाग आहे.

पहिला भाग पैशाचा. पूर्वी उचल रोख मिळे आणि कमरेच्या कसात राही. आता पुष्कळशी रक्कम खात्यावर येते. वाढे विकत घेणारा गवळी मोबाईलने पैसे पाठवितो. किराणा दुकानात चौकोनी चित्र चिकटवलेले असते. गावाकडे म्हाताऱ्या आईच्या औषधाला पैसे पाठवायचे तर मनिऑर्डर आता कोणी करीत नाही. दुसरा भाग सरकारी कामांचा. शिधापत्रिका आता दुसऱ्या गावच्या दुकानातही चालते, पण आधार क्रमांक आणि मोबाईल जागेवर हवा. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना २०२४ च्या जुलैपासून सुरू झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून तिच्यासाठी ई-केवायसी मागण्यात आली. तिची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत गेली. म्हणजे ऐन तोडणीत! पडताळणीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणार, बाईचा वेगळा, नवऱ्याचा किंवा बापाचा वेगळा. बाई फडात, मोबाईल कोपीत, कोपीला रेंज नाही, आणि ओटीपीचा जीव तो किती, तर काही मिनिटे. महिन्याच्या दीड हजार रुपयांचा प्रश्न त्या मिनिटांत अडकतो.

तिसरा भाग माणसांचा. शाळेसाठी गावी ठेवलेली पोरे आजी-आजोबांजवळ असतात. संध्याकाळी त्यांचे तोंड दिसले तर आईला दुसऱ्या दिवशी कोयता उचलायला बळ येते. याला कोणी चैन म्हणत असेल तर म्हणो बापडा.

म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे. स्वस्तात, आणि फसवणूक न होता, फिरत्या माणसाला इंटरनेट कसे मिळेल? यात जे लिहिले आहे ते टोळीला उपयोगी आहे, कॅरॅव्हॅनवाल्या पाहुण्याला आहे, आणि आपल्या मुलाला कामानिमित्त फिरावे लागत असेल तर त्यालाही आहे.

प्रथम रेंजचे पाहू, कारण तिथेच मावळची अडचण आहे. आपल्या तालुक्याचे तीन भाग जुने लोक सांगत आले आहेत: अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. रेल्वे, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग हे सगळे इंद्रायणीच्या अंगाने गेले, आणि टॉवरवाल्या कंपन्या गिऱ्हाइकाच्या मागे गेल्या. त्यामुळे तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा हा पट्टा सुखी आहे. लोहगड-विसापूरच्या डोंगररांगेपलीकडे पवनेचे खोरे लागते. मोबाईलच्या लहरी सरळ जातात, डोंगर ओलांडून वाकत नाहीत. म्हणून पवनानगरच्या वरच्या अंगाला एका वळणावर चार रेघा आणि पुढच्या वळणावर एकही नाही, असा प्रकार होतो. खालच्या अंगाला, जिथे आपला ऊस आहे, तिथे जमीन सपाट आहे आणि रेंज बरी आहे. पण तिथे दुसरी गंमत आहे. कोप्या बहुधा ओढ्याच्या कडेला, खोलगट जागी, उभ्या उसाच्या आडोशाला पडतात. ऊस म्हणजे पाण्याने भरलेली भिंतच, आणि पाणी या लहरी खाते. दहा-बारा फुटांचा ऊस चहूबाजूंनी असला की मोबाईल मुका होतो.

लहरींतही दोन जाती आहेत. लग्नाच्या वरातीतला ढोल शेजारच्या गावात ऐकू येतो, झांज येत नाही, तसेच हे. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि भिंत-झाडे थोडीफार भेदतात. २३०० किंवा ३५०० च्या लहरी वेगवान, पण पल्ला आखूड. १ ऑक्टोबर २०२२ पासून देशात ५जी आले आहे. जिथे ५जी अर्धवट पोहोचते तिथे फोन सारखा ते शोधीत बसतो आणि बॅटरी उतरते. अशा ठिकाणी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ४जीवर ठेवावा. बॅटरीही टिकते आणि बोलणेही तुटत नाही. हे पाच मिनिटांचे काम आहे, कोणाही पोराला येते.

कोणत्या कंपनीचे सिम घ्यावे असे विचारणारे फार भेटले. याला सगळ्या मावळाला लागू पडेल असे एक उत्तर नाही. एका शिवारात एक कंपनी चालते, तर ओढ्यापलीकडे दुसरी. सरकारी भारत संचार निगमची देशी बनावटीची ४जी सेवा २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशभर सुरू झाली. तिचे दर कमी आहेत, तेव्हा आपल्या शिवारात ती येते काय हे आधी पाहून घ्यावे. सर्वांत भरवशाचा माणूस आपला चिटबॉय. तो रोज बारा शिवारे फिरतो, आणि कुठे कोणाची रेंज आहे हे त्याच्याइतके कंपनीलाही माहीत नसते. टोळी उतरायच्या आधी मुकादमाने त्याला विचारावे.

मात्र गावचे सिम बदलू नये. त्यात एक खोच आहे, ती नीट समजून घ्यावी. गाडीवानाचा जो नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला आहे तो गावचा असतो आणि गावी त्याच कंपनीची रेंज असते. इथे ती येत नाही म्हणून तो नंबर टाकून देऊन नवा घेतला तर बँकेचे आणि सरकारचे सगळे संदेश जुन्या नंबरावर जात राहतात. तो नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर नव्या गिऱ्हाइकाला मिळतो. म्हणजे आपला ओटीपी परक्याच्या हातात! तेव्हा दोन सिमचा फोन असेल तर गावचे सिम पहिल्या खोबणीत, फक्त बोलणे आणि संदेश यापुरते जिवंत ठेवावे, आणि इथे चालणारे सिम दुसऱ्या खोबणीत इंटरनेटसाठी घालावे. कॅरॅव्हॅनवाले नेमके हेच करतात. त्यांच्या राउटरमध्ये दोन कंपन्यांची सिमे असतात आणि छतावर अँटेना असतो. टोळीला छत नाही, पण खोबणी दोन आहेत. एकच नंबर असेल आणि दोन्हीकडे दुसरी कंपनी बरी चालत असेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. १९०० या क्रमांकावर संदेश पाठवून संकेतांक मागवावा लागतो. जुन्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले असावेत. पण हे काम गावाहून निघण्यापूर्वी करावे. अर्ध्या वाटेत केले तर चार-दोन दिवस बिनफोनाचे जाण्याची भीती.

आता खर्चाकडे वळू. आपल्याकडे महिना ३० दिवसांचा, कंपनीचा २८ दिवसांचा. २८ ने भागून पाहा, वर्षाला बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ मध्ये नियम केला की प्रत्येक कंपनीने पूर्ण ३० दिवसांचे किमान एक पॅक ठेवलेच पाहिजे. ते असते, पण दुकानदार आपणहून दाखवीत नाही. मागून घ्यावे. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढविले, त्यानंतर टोळीतल्या माणसाला दोन फोनांचे रिचार्ज जड जाऊ लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ट्रायने आणखी एक आदेश काढला: ज्याला इंटरनेट नको त्याला फक्त बोलणे आणि संदेश यांचे वेगळे पॅक मिळाले पाहिजे, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. गावी राहिलेल्या आजोबांच्या साध्या फोनाला आणि पहिल्या खोबणीतल्या त्या गावच्या सिमला हेच योग्य. इंटरनेटचे पॅक एका फोनात घ्यावे आणि नवरा-बायकोने हॉटस्पॉटवर वाटून घ्यावे. रोजचा कोटा रात्री बारा वाजता नव्याने सुरू होतो. उरलेला डेटा दुसऱ्या दिवशी मिळत नाही, हे विसरू नये.

डेटा जातो कुठे, तेही पाहावे. पैसे पाठविण्याला डेटा इतका थोडा लागतो की तो मोजण्यातही येत नाही. तासाभराचा चित्रपट मात्र अर्धा जीबी सहज खातो, आणि चित्र स्वच्छ ठेवले तर त्याहून जास्त. व्हॉट्सॲपच्या गटावर येणारे सुप्रभाताचे फुलांचे फोटो आपोआप उतरत राहतात, त्यांतही डेटा झिरपतो. सेटिंगमध्ये ही आपोआप उतरण्याची सोय बंद करता येते. आम्ही स्वतः ती बंद केली आहे. फुले काही कमी झाली नाहीत, पण फोन हलका झाला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची, कारण ती फार थोड्यांना माहीत आहे. पैसे देण्याघेण्याला इंटरनेट लागतेच असे नाही. साध्या बटणांच्या फोनावरूनही स्टार ९९ हॅश हा क्रमांक फिरवून बँकेचे काम होते, आणि त्यात मराठी भाषा निवडता येते. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे ही सेवा सुरू केली. तिच्यात फोन करून, बटणे दाबून पैसे जातात. ओढ्याकाठी जिथे इंटरनेट येत नाही पण बोलणे होते, अशा ठिकाणी हीच सोय खरी. एकदा बँकेत जाऊन नंबर जोडलेला हवा, एवढेच.

येथपर्यंत रेंज आणि खर्च झाला. पण आम्हाला खरी काळजी आहे ती फसवणुकीची. फिरत्या माणसाला ओळखीचे दुकान नसते, ओळखीचा पोलीस नसतो, आणि उद्या टोळी दुसऱ्या शिवारात गेलेली असते. ठकसेनाला याहून चांगले गिऱ्हाईक कोणते?

घडते ते असे. गाडीवानाला वाचता येत नाही किंवा थोडे येते. खात्यात किती आले हे पाहायला तो फोन कोणाच्या तरी हातात देतो. कधी दुकानदार, कधी टोळीतलाच शिकलेला पोरगा, कधी रस्त्यावरचा कोणी 'दादा'. बघणारा पिन विचारतो, हा सांगतो. महिनाभराने खात्यातून थोडे थोडे गेलेले असते. कोणी नेले हे सांगता येत नाही, कारण पिन पाच जणांना माहीत असतो. दुसरा प्रकार अंगठ्याचा. शिल्लक दाखवितो म्हणून यंत्रावर अंगठा घेतला जातो आणि पैसे काढले जातात. तिसरा प्रकार आपल्या सभासदांच्या घरापर्यंत आलेला आहे. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' किंवा 'वाहन चलन' अशा नावाची फाईल येते, शेवटी एपीके अशी अक्षरे असतात. ती उघडली की फोनात चोर शिरतो. मग ओटीपी आपल्याला दिसण्यापूर्वी त्याला दिसतो. शासनाचे कोणतेही अनुदान अशा फाईलने येत नाही. एपीके दिसले की पुसून टाकावे, कुतूहल म्हणूनसुद्धा उघडू नये.

पिनाबद्दल एकच गोष्ट घोकून ठेवण्यासारखी आहे: पैसे देताना पिन लागतो, पैसे घेताना लागत नाही. 'तुमचे वाढ्याचे पैसे पाठवितो, पिन टाका' असे कोणी म्हणाले की तो चोर समजावा. शिल्लक पाहायलाही पिन लागतो खरा, म्हणून तो फोनाच्या मालकानेच टाकावा. वाचता येत नसले तरी आकडे ओळखता येतातच. पैसे मोजणाऱ्या माणसाला आकडे शिकवावे लागत नाहीत. आणि सगळी उचल ज्या खात्यात आहे तेच खाते मोबाईलला जोडू नये. रोजच्या खर्चापुरते दुसरे खाते जोडावे, किंवा यूपीआय लाईटमध्ये थोडी रक्कम ठेवावी. गेले तर तेवढेच जाईल. जुनी माणसे सगळी रक्कम एका कनवटीला लावीत नसत, तोच शहाणपणा.

फुकट वायफायचाही मोह पडतो. बहुतेक मोठ्या रेल्वे स्थानकांवर रेलटेलचे वायफाय आहे, पहिला अर्धा तास फुकट मिळते. लोणावळ्याच्या हॉटेलांत तर विचारायलाच नको. त्यावर बातम्या वाचाव्यात, गाणी ऐकावीत, पण बँकेचे काम करू नये. कारण तेच नाव देऊन कोणीही शेजारच्या बाकावर बसून खोटे वायफाय सुरू करू शकतो. पैशाच्या कामाला डेटा लागतोच किती! त्यासाठी स्वतःचे सिम वापरावे. आपला हॉटस्पॉट असेल तर त्याला शब्द असावा, आणि तो शब्द १२३४५६७८ नसावा.

पाहुणे ठेवणाऱ्या सभासदांनीही सावध राहायला हवे. आपल्या घरच्या वायफायवर बसून पाहुण्याने काही गैर केले तर पोलीस प्रथम ज्याच्या नावाची लाईन त्याच्याकडे येतात. तेव्हा राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करण्याची सोय असते, ती वापरावी. घरचे कॅमेरे आणि हिशेबाचा संगणक त्या जाळ्यात ठेवू नये. शब्द अधूनमधून बदलावा, पाहुण्यांची नोंद वहीत असावी. आणखी एक: परदेशी पाहुणा उपग्रहावर चालणारा फोन किंवा संदेशयंत्र घेऊन आला तर त्याला सांगावे की विनापरवाना असे यंत्र वापरणे आपल्या देशात गुन्हा आहे. स्टारलिंक या उपग्रह कंपनीला केंद्राकडून जून २०२५ मध्ये परवाना मिळाला असला, तरी बाहेरून आणलेली पेटी छतावर ठेवली की झाले, असा त्याचा अर्थ नाही.

फोन हरवला तर? फडात तो उसाबरोबर मोळीत बांधला जातो, गाडीच्या चाकाखाली येतो, रात्री वजनकाट्याच्या रांगेत डुलकी लागली की खिशातून जातो. प्रथम कंपनीला कळवून सिम बंद करावे आणि बँकेला कळवावे. मग पोलिसांत तक्रार देऊन 'संचार साथी' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर तो फोनच बंद पाडता येतो, मग चोराला त्यात कोणतेही सिम घालता येत नाही. त्यासाठी फोनाचा १५ आकडी क्रमांक लागतो. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबले की तो दिसतो. तो आजच कागदावर लिहून पेटीत ठेवावा. फोन गेल्यावर फोनातला क्रमांक पाहता येत नाही, हे उघडच आहे, पण आठवते ते गेल्यावरच. याच संचार साथीवर आपल्या नावाने किती सिमे चालू आहेत हेही दिसते. एका माणसाला नऊच सिमे घेता येतात. टोळ्यांमध्ये अजून मुकादमाच्या नावावरचे सिम मजुराच्या फोनात असते. आज ते सोयीचे वाटते. उद्या मुकादम बदलला की नंबर त्याचा आणि खाते याचे, असा गुंता होतो. सिम ज्याच्या त्याच्या नावावर असावे.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे जाण्यापूर्वी कळले तर ते अडविता येतात. रात्र झाली म्हणून सकाळवर ढकलले की बहुधा संपलेच. नंतर बँकेला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक आहे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा चोरीची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकाला भुर्दंड पडत नाही. सहकारी बँकांनाही ते लागू केलेले आहे. मात्र पिन आपणच सांगितला असेल तर खबर देईपर्यंतचे नुकसान आपले, खबर दिल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे दोन्हीकडून पाहिले तरी घाई करण्यातच हित आहे.

आता आपल्याकडून काय होण्यासारखे आहे ते लिहितो. सभासदाच्या हातातले पहिले काम अगदी किरकोळ आहे: फोन चार्ज करायला जागा. कोपीत वीज नसते. ट्रॅक्टरवाल्या टोळीला बॅटरीवर फोन लावता येतो, बैलगाडीवाल्याला तेही नाही. मग पोरे मोटारीच्या पेटीतून वायर ओढतात. तीन फेजची ती पेटी, दव पडलेले, हात ओले. यात जीव जाऊ शकतो, आणि जमीन आपली असते. त्यापेक्षा वस्तीवर ओसरीत एक पाच-सहा खटक्यांचा बोर्ड टोळीसाठी लावून द्यावा. आठ-दहा फोनांना वीज लागते ती एखाद्या दिव्याइतकी. काही ठिकाणी दुकानदार चार्जिंगचे पैसे घेतात, हे आपल्या गावाला शोभत नाही असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरे काम कारखान्याच्या हातातले आहे, आणि त्यासाठी एक सरकारी योजना आयती आहे. जुन्या सभासदांना पिवळ्या पाटीचे एसटीडीचे बूथ आठवत असतील. ज्याच्या घरी फोन नाही तो बूथवर जाई, मिनिटाचे पैसे देई, काम करून येई. इंटरनेटचे तसेच बूथ काढण्याला केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली. योजनेचे नाव पीएम-वाणी. चहाची टपरी, किराणा दुकान, विकास सोसायटी, दूध डेअरी, कोणीही आपल्याकडे ब्रॉडबँड घेऊन त्याचे वायफाय गिऱ्हाइकाला विकू शकतो. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी शुल्क लागत नाही. गिऱ्हाइकाची नोंद आणि हिशेब पाहणारी मधली कंपनी वेगळी असते, तिच्याशी करार करायचा. गिऱ्हाईक मोबाईलवर आलेल्या ओटीपीने आत येतो, त्यामुळे कोण आले-गेले याची नोंद राहते, आणि दहा-वीस रुपयांची छोटी कूपनेही ठेवता येतात. अडचण अशी होती की कंपन्या अशा बूथवाल्याकडून ब्रॉडबँडचे जबर पैसे मागत. ट्रायने जून २०२५ मध्ये त्यावर मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेता येणार नाही. हिशेब आता जमण्यासारखा आहे.

जागा कोणती, यावर आम्ही बराच विचार केला. गट कार्यालये दहा ठिकाणी, टोळ्या त्याहून विखुरलेल्या. प्रत्येक फडाला वायफाय नेणे कोणालाही शक्य नाही. पण एक जागा अशी आहे की जिथे प्रत्येक गाडी येतेच येते, आणि जिथे गाडीवानाला नाइलाजाने तासन् तास थांबावे लागते. ती म्हणजे आपले गाडीतळ, काट्याची रांग. संध्याकाळी भरून आलेली गाडी कधी मध्यरात्री खाली होते. बैल सोडलेले, शेकोटी पेटलेली, आणि गाडीवान फोन उंच धरून रेंज शोधतो आहे, हे दृश्य हंगामात रोजचे. शेतकी खात्याच्या कार्यालयात इंटरनेटची तार आलेली आहे. तिथून तळाच्या दोन खांबांवर वायफायची पेटी, खाली पत्र्याच्या आडोशाला चार्जिंगचा बोर्ड, आणि भिंतीवर मोठ्या आकड्यांत १९३०, एवढे पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी व्हावे. कूपने काट्यावरचा कारकून देऊ शकेल.

बायका मात्र तळावर येत नाहीत. त्या कोपीत भाकरी टाकीत असतात, आणि लाडक्या बहिणीचा ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो. त्यांच्यासाठी चिटबॉयाबरोबर आठवड्यातून एक संध्याकाळ, कोप्यांपाशी, फिरता हॉटस्पॉट पाठवावा असे आम्ही सुचवितो. मोटारसायकल त्याच्याकडे आहेच, आणि कुठल्या बांधावर रेंज येते हे त्याला पाठ आहे.